लुगड्याचं माप

आमच्या घरात धाकट्या मावशीचा पत्ता दोन शब्दांचा होता. भूम तालुक्यातल्या आमच्या गावात कुणी विचारलं, "धाकटी कुठं असते हो सध्या?" की आई पदर सावरून म्हणायची, "मुंबईला. भायखळ्याला." त्यापुढे कुणी खोलात शिरत नसे. भायखळा माहीत असणारे गावात दोघं-तिघंच, आणि त्यांनाही तो राणीच्या बागेमुळे माहीत. मावशी वाघांच्या शेजारी राहते असं मी शाळेत सांगत असे, आणि पोरं माझ्याकडे जरा मानानं बघत.

१९८५ च्या मे महिन्यात, दहा वर्षांचा असताना, मी पहिल्यांदा आईबरोबर तिच्याकडे गेलो. बार्शीची छोटी गाडी, कुर्डुवाडीला मोठी गाडी, मग धक्के खात मुंबई. मावशी न्यायला आली होती. स्टेशनाबाहेर बरंच चालून झाल्यावर एक दगडी इमारत लागली, तिचा जिना दिसला आणि मी आपसूक तिकडं वळलो. मावशीनं दंडाला धरून मागं ओढलं. "तिकडं न्हाई लेकरा. हिकडं." हिकडं म्हणजे त्या इमारतीच्या कुंपणाला टेकवलेली बांबू, गोणपाट आणि काळ्या प्लॅस्टिकची रांग. त्या रांगेतलं सातवं की आठवं घर मावशीचं.

आत शिरायला कमरेत वाकावं लागे, आणि आत गेल्यावरही काकांना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, ताठ उभं राहता येत नसे. सहा बाय आठ असावं. पण भिंतीला फळी, फळीवर रांगेनं लावलेली पितळेची आणि जर्मनची भांडी, आणि ती अशी लखलखीत की आमच्या गावच्या घरातली लाजतील. रात्री काकांनी पाय आत घ्यायला बजावलं. का, ते मध्यरात्री कळलं. एक ट्रक इतक्या जवळून गेला, की भांडी एकमेकांवर वाजली आणि बराच वेळ वाजत राहिली. परत निघायच्या दिवशी मावशीनं माझ्या हातात शेवेचा पुडा ठेवला. "आजीला समदं सांग. गावाला काय सांगू नगं."

मी गावाला काही सांगितलं नाही. पुढे मुंबईत कॉलेजला होतो तेव्हाही सांगितलं नाही. फॉर्मवर स्थानिक नातेवाइकाचा पत्ता लिहायचा रकाना होता, तो मी तीन वर्षं कोरा सोडला. हे आज लिहिताना सोपं वाटतं, कारण मावशी आता नाही.

मावशी फुटपाथवर कशी आली, ती गोष्ट आजीची. आजी ती दरवेळी एकाच वाक्यानं सुरू करायची, "बहात्तरला पाऊस आला न्हाई, म्हणून तुझी मावशी गेली." १९७२ चा दुष्काळ आमच्याकडे अजूनही घरातल्या एखाद्या वाईट माणसासारखा आठवला जातो. खडी फोडायची, बंडिंगवर माती टाकायची, दुपारी सुकडी घ्यायची, रेशनच्या लाल मिलोची भाकरी करायची. मावशीच्या सासरी तीन एकर कोरडवाहू, दीर चार. विहिरीचा तळ दिसला तेव्हा काका आधी एकटे गेले, बंदराकडे हातगाडी ओढायला लागले, आणि सहा महिन्यांनी मावशीला घेऊन गेले. "खोली बघितलीय" असं ते म्हणाले होते. आजी इथं थांबायची आणि सुपारी कातरायची.

त्यांच्या रांगेत सगळे दुष्काळाचे नव्हते. शेजारची चाची बिहारची. तिच्याकडे पूर यायचा. "तुम्हारे यहाँ पानी नहीं, हमारे यहाँ पानी ही पानी, दोनों इधर आ के मिले," असं ती हसून सांगायची. मावशी भायखळ्याच्या घाऊक भाजी बाजारात पहाटे जाऊन गाड्यांतून सांडलेली, दबलेली भाजी वेचायची, निवडायची आणि दुपारी वाटे लावून विकायची. कामाला चालत जाता यावं म्हणून माणसं तिथं राहत. बसचं तिकीट काढलं तर पोळीवरची भाजी कमी व्हायची, इतका तो हिशेब सरळ होता.

मावशीला साल सांगता येत नसे. तिची सालं वेगळीच होती. पहिल्या मुलाचं साल, काकांच्या पायावर गाडी गेल्याचं साल, आणि बशीचं साल. हे बशीचं साल मला पुढे वर्तमानपत्राच्या जुन्या फायलींत सापडलं. १३ जुलै १९८१. मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं, की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या त्यांच्या गावी पाठवलं जाईल. भर पावसात झोपड्या मोडल्या, माणसं बसमध्ये घातली. मावशीची रांग मोडली, पण त्यांना न्यायला बस उरली नाही. म्हणून ती चार दिवस मोडक्या बांबूंवर छत्री धरून बसली. ऑल्गा टेलिस या पत्रकार बाईंनी आणि इतरांनी न्यायालय गाठलं. चार वर्षांनी, १० जुलै १९८५ ला, म्हणजे मी गावी परतल्यावर दोनच महिन्यांनी, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला.

हा निकाल कायद्याच्या वर्गांत आजही शिकवतात. जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो, असं सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठानं म्हटलं. वाचताना ऊर भरून येतो. पण त्याच निकालानं हेही म्हटलं, की फुटपाथ चालण्यासाठी आहे आणि रीतसर नोटीस देऊन पालिका झोपड्या हटवू शकते; फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा. वकिलांनी पहिला अर्धा भाग वाचला, फुटपाथनं दुसरा. काकांनी त्याचं सार एका वाक्यात काढलं होतं, "पोट आमचं हाय, जागा आमची न्हाई." कॅलेंडरवर ३१ ऑक्टोबरला चाचीच्या नवऱ्यानं काजळाचा गोल केला होता म्हणतात.

ह्याच दिवसांत मावशीच्या तोंडी "हापिसवाल्या बाया" येऊ लागल्या. त्या म्हणजे 'स्पार्क' ही संस्था. १९८४ मध्ये शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती काढली, आणि भायखळ्यात मेघराज सेठी मार्गावरच्या पालिकेच्या दवाखान्याच्या आवारात बसायला जागा केली. तिथं जाऊन बसायला आधी कुणी तयार नव्हतं. मावशी एकदा कडेवर पोर घेऊन गेली, कारण आवारात नळ होता. पाणी भरता भरता तिला कुणी बसायला सांगितलं, आणि कामाबद्दल विचारलं. मुंबईत बारा वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला "तुमचं नाव काय" असं विचारलं होतं, तेही झोपडी मोडायच्या आधी नव्हे, तर मोडू नये म्हणून.

मग ठरलं की सगळ्यांना मोजायचं. घरं किती, माणसं किती, कुठल्या जिल्ह्यातून आलात, किती वर्षं झाली, काय कमावता, कामाला कसे जाता. काका यावरून भडकले. त्यांचा अनुभव वेगळा होता. "मोजणी म्हंजे पाडणी. आधी मोजत्यात, मग पाडत्यात." खरंच होतं ते. तोवर ज्यांनी ज्यांनी त्यांना मोजलं, ते पुढे हातोडा घेऊनच आले होते. पण ह्या वेळी कागद घेऊन फिरणाऱ्यांत रांगेतल्याच बाया होत्या, आणि चाचीला लिहिता येत नसलं तरी कुठल्या झोपडीत किती माणसं झोपतात हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. सुमारे सहा हजार कुटुंबं, सत्तावीस हजार माणसं मोजली गेली. त्याचा अहवाल १९८५ मध्येच निघाला. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थ 'आम्ही, न दिसणारे'. त्यात निघालेली गोष्ट आमच्या आजीला आधीच माहीत होती. माणसं आली होती देशातल्या सगळ्यांत गरीब जिल्ह्यांतून, कित्येकजण दहा-वीस वर्षांपासून तिथंच होती, आणि कामाला चालत जात होती.

नोव्हेंबर उजाडला. जी भीती होती, तशी सरसकट मोडतोड झाली नाही. मावशी त्याचं श्रेय नवसाला द्यायची, काका पालिकेच्या आळसाला. मोजणीचे आकडे साहेबांच्या टेबलावर गेल्याचाही थोडा वाटा असावा, असं मला वाटतं.

स्पार्क हा ह्या कामाचा एक पाय; आता उरलेले दोन. स्पार्कच्या बाया शिकलेल्या, मंत्रालयात जाऊन इंग्रजीत बोलू शकणाऱ्या. पण झोपडीत राहिलेल्या नव्हत्या. त्यांची गाठ पडली ती जोकिन अर्पुतम यांच्याशी. कोलारच्या सोन्याच्या खाणींकडून मुंबईत आलेला हा माणूस, ट्रॉम्बेच्या बाजूच्या जनता कॉलनीत राहिला, तिथल्या पोरांची शाळा चालवली, आणि अणुसंशोधन केंद्राशेजारची ती अख्खी वस्ती १९७६ मध्ये आणीबाणीत उठवली गेली तेव्हा लोकांबरोबर चीता कॅम्पला गेला. त्याच्या आधीच, १९७४ च्या सुमारास, त्यानं देशभरच्या झोपडपट्ट्यांची मिळून नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन उभी केली होती. आमच्या काकांच्या तोंडी ती नुसती 'फेडरेशन'. त्या फेडरेशनीत पुढारी सगळे बाप्ये होते. आणि फुटपाथवर घर धरून ठेवणाऱ्या होत्या बाया. म्हणून १९८६-८७ च्या सुमारास बायांची म्हणून तिसरी संघटना झाली, 'महिला मिलन'. मावशीनं तिचं नाव आणखी तोडून 'मिलन' केलं. गावात मला एकदा तिनं पत्र पाठवलं (कुणाकडून तरी लिहून घेऊन), त्यात होतं, "मी मिलनमध्ये आहे." आईला वाटलं सिनेमात काम मिळालं.

ह्या तिन्हींच्या युतीवर नंतर परदेशांतल्या विद्यापीठांत बरंच लिहिलं गेलं. मला त्यातलं एकच सांगावंसं वाटतं. एकीकडे कागद होता, दुसरीकडे अंगावर झेललेली लाठी होती, तिसरीकडे रोज संध्याकाळी रुपया मागायला दारात येणारी बाई होती. तिघांतलं कुणीही एकटं असतं, तर मावशी शेवटपर्यंत त्या कुंपणालाच टेकून राहिली असती.

रुपया मागणारी बाई म्हणजे चाची. मिलनची बचत रोजची असे, महिन्याची नाही, कारण महिन्याच्या शेवटी फुटपाथवर काहीच उरत नसतं. उरतं ते संध्याकाळी, भाजी विकून झाल्यावर, दारूच्या गुत्त्याआधी. चाची गल्लीतून हिंडायची. कुणी एक रुपया देई, कुणी दोन, कुणी पाच. वाचता येईना, म्हणून प्रत्येकीला एक प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यात रंगीत कागदाचे चौकोन. एका रंगाचा एक रुपया, दुसऱ्याचे दोन, तिसऱ्याचे पाच. पैसे दिले की त्या रंगाचा तुकडा पिशवीत. हिशेब असा की कुणी फसवू शकत नाही, आणि दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही. काका प्यायचे नाहीत, पण पिशवी उघडून बघायचे आणि वैतागायचे. "हे काय, पोरांचा खेळ हाय का?"

पाडापाडीच्या गाडीचंही मिलननं शिकवलं. गाडी येतेय असं कळलं, की बाया आपणच झोपड्या उतरवायच्या. बांबू बाजूला, प्लॅस्टिकची घडी, भांडी पोत्यात, आणि फुटपाथ झाडून स्वच्छ. पालिकेची माणसं आली की त्यांना मोडायला काहीच नसे. पूर्वी ती भांडी उचलून नेत. आता न्यायला भांडी नसत. ती गेली की दोन तासांत रांग पुन्हा उभी. लढाऊ माणसांना हे पटायचं नाही. दुसऱ्या एका चळवळीतला कार्यकर्ता मावशीला म्हणाला होता, ही शरणागती आहे, दगड उचला. मावशीनं त्याला सांगितलं, "भांडून भांडी जात्यात, दादा." ती ही म्हण आपलीच असल्याचं सांगायची. असेल.

आणि आता लुगड्याची गोष्ट. ही मी मावशीकडून चार वेळा आणि चाचीकडून दोन वेळा ऐकली आहे, आणि सहाही वेळा थोडी वेगळी.

दवाखान्याच्या आवारात एक दिवस बायांना विचारलं गेलं, तुम्हाला घर बांधायचं झालं तर कसं हवं? सुरुवातीला सगळ्या हसल्या. एकीनं अमिताभचा बंगला सांगितला, एकीनं गच्ची आणि तुळस सांगितली. मग विचारलं, किती लांब, किती रुंद? आता गप्प. फूट कुणाला माहीत नव्हता. चाचीनं चालून दाखवलं. इथपासून इथपर्यंत, सात पावलं. पण चाचीची पावलं बुटकी आणि मावशीची लांब, त्यामुळे भांडण लागलं. तेव्हा मावशी उठली, कुंपणावर वाळत घातलेलं आपलं लुगडं ओढून आणलं आणि जमिनीवर पसरलं. ती नऊवारी सोडून कधी सहावारी नेसली नाही. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. ह्या टोकाला चूल, त्या टोकाला मोरी. बाया त्या लुगड्यावर बसल्या, आडव्या झाल्या, माणसं मोजली. सत्तावीस फूट फार लांब झालं, दुमडलं. रुंदीला दुसऱ्या कुणाची साडी आली.

संडासाचा मुद्दा निघाला तेव्हा बऱ्याच बायांनी तो घराबाहेर, चार घरांत मिळून एक असावा असं सांगितलं. एवढ्याशा घरात आतला संडास म्हणजे चुलीशेजारी वास, आणि तेवढी जागा गेली ती गेली. शिकलेल्या मंडळींना हे नवल वाटलं. मला मात्र मावशीचं पटतं. तिला बंगल्यातल्या सोयीपेक्षा दोन पावलांची जागा जास्त मोलाची होती.

मग उंची. उंचीबद्दल कुणी विचारेल असं कुणाला वाटलं नव्हतं. फुटपाथवर उंची नसतेच, वाकायचं असतं. मावशी दवाखान्याच्या वरच्या गॅलरीत चाचीला चढवते, चाची लुगड्याचं टोक वरून धरते, मावशी खाली धरते. अख्खं लुगडं सोडलं तर मजलाभर खाली गोळा होतं. मग मधोमध दुमडलं. साडेतेरा फूट. "एवढं," मावशी म्हणाली. चाचीच्या गोष्टीत "इतना" चाची म्हणते. एवढं उंच कशाला? तर खाली सासूसासरे, चूल, पोरं. आणि वर अर्ध्या उंचीवर फळ्यांचा माळा, लग्न झालेल्या पोरासाठी. "सुनंनं चोळी बदलायची कुठं, चौकात?" हे मावशीचं कारण. चाचीचं कारण सामानाचं होतं. त्या वेळी मावशीचा थोरला नऊ वर्षांचा होता आणि ती त्याच्या बायकोची चोळी मोजत होती.

त्या मापांवरून पुढे बांबू आणि कापडाची खऱ्या आकाराची घरं उभी केली गेली, मेळा भरला. लोक आत जाऊन बघून गेले. चौदा फूट उंची आणि पोटमाळा ही गोष्ट त्या बायांच्या घराच्या नकाशात कायम राहिली, आणि नंतर ह्या संस्थांनी बांधलेल्या काही इमारतींतही आली. हे मला कळलं, तेव्हा मी आईला मुद्दाम दाखवलं. छापील पुस्तकात चौदा फूट लिहिलं होतं. आई म्हणाली, "अर्धा फूट कुणी वाढवला?"

त्यानंतरची वर्षं मावशीच्या गोष्टीत एका ओळीत जातात, "मग थांबलो." थांबणं काय असतं ते मी सांगू शकत नाही, ते तिनं केलं. फुटपाथवरच्या वस्तीला झोपडपट्टी म्हणूनही मान्यता नव्हती, म्हणून झोपडपट्टी सुधारण्याच्या योजना तिला लागू नव्हत्या. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन योजना आली आणि पहिल्यांदा फुटपाथवाले त्यात धरले गेले. घर सव्वादोनशे चौरस फूट, फुकट, पण जमीन कुठं? बिल्डर बांधायला तयार असे तो जिथं उरलेल्या इमारती महाग विकता येतील तिथं. फुटपाथवाल्यांच्या नावावर ना जमीन, ना पगारपत्रक. बँक दाराशी उभं करत नसे. त्यासाठी ह्या संस्थांनी १९९८ मध्ये बांधकामाकरता 'स्पार्क समुदाय निर्माण सहायक' नावाची वेगळी कंपनी काढली, नफा न वाटणारी. परदेशी हमी आणून बँकांकडून कर्ज काढलं. हे सगळं कागदावर कंटाळवाणं दिसतं. पण मला वाटतं, ह्या मंडळींच्या कामाचा अवघड भाग हाच होता. मोर्चा काढता येतो. हमीपत्र आणायला बारा वर्षं जातात.

दरम्यान रेल्वेचं प्रकरण आलं. मुंबईच्या लोकलला जास्त मार्ग हवे होते आणि रुळांच्या कडेला हजारो झोपड्या होत्या, काही तर रुळापासून हातभर. १९९७ मध्ये सरकारनं पुनर्वसनाचं धोरण काढलं, जागतिक बँक आली, आणि मोजणी, याद्या, पन्नास-पन्नास घरांच्या सोसायट्या करण्याचं काम ह्याच तिघांकडे आलं. रुळांच्या कडेनं बाया पुन्हा कागद घेऊन फिरल्या. दारांवर आकडे रंगवले, यादी भिंतीवर लावली, चुकलं असेल त्यानं सांगावं. २००० ते २००१ च्या दरम्यान साठ हजारांच्या आसपास माणसं पोलिसांच्या लाठीशिवाय हलली. काकांचा पुतण्या त्यात होता. तो रुळांजवळून थेट सातव्या मजल्यावर गेला आणि पहिले सहा महिने त्याला झोप येईना, कारण गाडीचा आवाज नव्हता.

हे सोनेरी करून सांगण्यात अर्थ नाही. पुनर्वसनाच्या घाईत उपनगरांत बांधलेल्या कित्येक वसाहतींत इमारती इतक्या जवळ आहेत, की खिडकीतून हात घातला तर शेजारचा टॉवेल ओढता येईल. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा ठिकाणी डॉक्टरांनी केलेल्या पाहणीत, उजेड-वारा न पोचणाऱ्या खालच्या मजल्यांवर क्षयरोग जास्त दिसला. दुकानं गेलेल्यांनी जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या. फेडरेशन सरकारची भिडू झाली आणि सरकारच्या चुका तिच्याही पदरात पडल्या. २००० मध्ये जोकिन यांना मॅगसेसे मिळालं, २०११ मध्ये त्यांना आणि शीला पटेल यांना एकाच वर्षी पद्मश्री. त्याच काळात गोवंडीत लिफ्ट बंद पडून म्हाताऱ्या माणसांना खुर्चीत बसवून उतरवत होते. दोन्ही खरं. मावशी दुसऱ्या खऱ्याबद्दल जास्त बोलायची.

मावशीला चावी मिळून आता दोन दशकं होत आली. मानखुर्दला. हा एक विनोदच होता. भायखळ्याचा भाजी बाजार नव्वदीच्या दशकात उठून वाशीला गेला, तेव्हा मावशीचा धंदा गेला आणि ती माझगावात धुणीभांडी करू लागली. मग घर मिळालं ते खाडीच्या अलीकडं, वाशीच्या तोंडाशी. पुलापलीकडे बाजार, अलीकडे मावशी, पण आता गुडघे नव्हते. माझगावची कामं तिनं दोन वर्षं टिकवली. पहाटेची हार्बर पकडून डॉकयार्ड रोडला उतरायची, चालत कामावर. मग सोडली. घर फुकट, पण लाइटबिल, पाणी, मेंटेनन्स, लिफ्ट हे सगळं दर महिन्याला येतं. फुटपाथवर संध्याकाळी रुपया द्यायची सवय असलेल्या बाईला महिन्याच्या एक तारखेची धास्ती बसली. ती शेवटपर्यंत सोसायटीच्या माणसाला म्हणायची, रोज थोडं थोडं घ्या की. ते काही जमलं नाही.

मी चावीच्या दिवशी गेलो होतो. तोवर मी नोकरीला लागलो होतो, रकाने भरायचं वय संपलं होतं. मावशीनं दार उघडलं, उंबऱ्यावर नारळ फोडला, आणि आत आल्याबरोबर वर बघितलं. मग पिशवीतून जुनं लुगडं काढलं आणि ते मधोमध दुमडलं. मी स्टुलावर उभा राहून टोक छताला लावलं. खाली चार फुटांच्या वर लुगडं तिच्या पायाशी गोळा झालं. तिनं ते हातात घेतलं, तोललं, काही बोलली नाही. मग काकांकडे बघून म्हणाली, "ह्यांना उभं ऱ्हाता येतंय, बास." काका मधोमध उभे होते. ताठ. हात वर करून त्यांनी पंख्याच्या हुकाला बोट लावायचा प्रयत्न केला, लागलं नाही. तरी पुन्हा केला.

थोरल्याचं लग्न झालं, तेव्हा माळा नव्हताच. खोलीला मधून पडदा लावला, तो ह्याच लुगड्याचा.

गेल्या पावसाळ्यात मावशी गेली. तेराव्याला तिची पत्र्याची पेटी उघडली, तर त्यात रेशनकार्ड (पहिलं, भायखळ्याच्या पत्त्याचं, तिच्या लेखी सगळ्यांत मोलाचं), मंगळसूत्राचे सुटे मणी, आणि एक घट्ट गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत रंगीत कागदाचे चौकोन. रंग उडालेले, पण ओळखू येत होते. लाल अकरा, हिरवे सहा, पिवळे तीन. कुठल्या रंगाचे किती रुपये, हे घरात कुणालाच सांगता येईना.

चाची आता शेजारच्या इमारतीत राहते. पाचव्या मजल्यावर, नातवाकडे. तिला नीट दिसत नाही. मी तिच्या हातात पिशवी दिली. तिनं एकेक चौकोन अंगठ्याखाली चोळला, डोळ्यांजवळ नेला, मांडीवर रंगांचे तीन ढीग केले. लाल एक का, हरा दो का, पीला पाँच का. ओठ हलवत तिनं बेरीज केली. अकरा, बारा, पंधरा. अडतीस.

मग तिनं माझ्याकडे तोंड वळवलं आणि जरा रागानंच विचारलं, "ये किताब में चढ़ाया नहीं क्या उसने?"